साळिंदरांशी बोलायची ड्यूटी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. आपल्या प्राणिसंग्रहालयात कुठेतरी पाणी मुरतंय. उद्या काही झालं तर माझ्याकडे सगळं लिहिलेलं पाहिजे.

बातमी अशी की नवीन जनावरं आली. साळिंदरांची जोडी. पेटी उतरवताना सगळ्यांना बोलावलं, फक्त मला नाही. मी तेव्हा कासवांचा हौद घासत होतो. हौद आजच का घासायला लावला? डाउट आहे.

कोल्ह्याचा जुना पिंजरा होता त्याचं आता साळिंदर घर केलंय. गज काढून एक मोठी काच. आत खरी माती, ओंडके, मागे बीळ. उद्घाटन दोन मार्चला, तोपर्यंत काचेला बाहेरून ब्राऊन कागद, जनावरं बुजायला नकोत म्हणून.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना चहाच्या खोलीत उभं केलं. म्हणाले, साळिंदर दिवसा बिळातून बाहेर येत नाही. उद्घाटनाला लोकांना काय, माती दाखवू? तर कुणीतरी रोज दुपारी मागच्या खोलीत बसून त्यांना खायला घालायचं आणि त्यांच्याशी बोलायचं. सतत बोलायचं. आवाज ओळखीचा झाला की त्या आवाजावर ती दिवसाही बाहेर येतात. जो त्यांना काचेपर्यंत आणेल त्याच्याकडे साळिंदर घराचा चार्ज.

मगरवाला लगेच पुढे. (मगरी सांभाळतो म्हणून मगरवाला. मिशीही तशीच, पाण्यावर तरंगल्यासारखी.) म्हणाला, साहेब, मी बोलतो. साहेब म्हणाले, तुमचा आवाज ऐकून मगर पण पाण्याखाली जाते.

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघितलं. साहेब म्हणाले, कासवाला पाठवू. हा कुणाशीच बोलत नाही, याच्याकडे सगळं शिल्लक असेल.

सगळे हसले. कासव म्हणजे मी.

आईला सांगितलं की मला साळिंदर घराचा चार्ज मिळाला. मिळणारच आहे, मग आधी सांगितलं तर काय बिघडलं. ताई म्हणाली, तू बोलणार? तू तर दुकानात जाऊन साबण मागत नाहीस, बोटाने दाखवतोस. मला उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

४ फेब्रुवारी, दुपारी

पहिला दिवस. मागची खोली म्हणजे एक स्टूल, एक बादली आणि समोर जाळी. जाळीपलीकडे बीळ. रताळी टाकली. हॅलो म्हणालो.

दोघांनी काटे उभे केले आणि पाय आपटले. मग मी जरा वेळ शांत बसायचं ठरवलं. ड्यूटी संपेपर्यंत शांत बसलो.

हे अपयश नाही. आधी विश्वास मिळवावा लागतो. उद्यापासून सलग एक तास बोलणार.

५ फेब्रुवारी

उद्यापासून.

६ फेब्रुवारी

बोललो! आधी खुराकाच्या पोत्यावर छापलेलं सगळं वाचून काढलं. भरडा, क्षार, कोरड्या जागी ठेवावे. ती झोपली. मग माझ्या तोंडून सहज निघालं की मगरवाल्याने आज चहाच्या खोलीतली माझी बिस्किटं खाल्ली आणि वर मलाच विचारलं, तू बिस्किटं का आणत नाहीस. मोठ्या साळिंदराचं कुरतडणं थांबलं. कान हलला. मी पुढे सांगितलं. जाळीजवळ आलं.

शोध लागला. माहिती सांगितली की झोपतात, तक्रार केली की ऐकतात.

मोठ्याचं नाव मास्तर ठेवलं, कारण राग आला की पाय आपटतो. माझे नववीचे मास्तर असेच होते. (तोंडी परीक्षेच्या दिवशी मी शाळा सोडली. शाळेचं नुकसान.) दुसरी ती बाई. मान वाकडी करून ऐकते, मधे बोलत नाही. अशी माणसं मिळत नाहीत.

नावं कुणाला सांगितलेली नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

वायरमन आला. माझ्या स्टुलाच्या मागे, वर कोपऱ्यात, एक काळी डबी ठोकली. मी विचारलं नाही, नुसतं बघितलं. तो आपणहून म्हणाला, कॅमेरा आहे. काचेवर कागद असल्यामुळे लोक तिकीट काढून काहीच न बघता परत जातात, म्हणून बाहेर बाकासमोर टीव्ही लावलाय, आतलं सगळं त्यावर लाइव्ह दिसतं. आवाजासकट.

एवढं सगळं आपणहून का सांगितलं? जो माणूस न विचारता सांगतो तो काहीतरी लपवतो. आणि खरं असतं तर साहेबांनी मला सांगितलं नसतं का? वायरमन म्हणाला, नोटीस बोर्डावर लावलंय की. नोटीस बोर्डापाशी कायम माणसं उभी असतात, मी तिकडून जात नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तिथे लावलं असणार.

ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही. बंद व्हायच्या वेळी, सगळे गेल्यावर, स्वतः पुढच्या बाजूला जाऊन बघितलं. टीव्ही चालू होता. बीळ दिसत होतं, जाळी दिसत होती, माझं स्टूल दिसत होतं. स्टूल रिकामं! मी रोज त्याच स्टुलावर बसतो. लाइव्ह असतं तर मी दिसलो नसतो का? नीट जवळ जाऊन बघितलं. मी कुठेच नाही. आवाजही नाही, एक शब्द नाही. मास्तर झोपलेला, बाई झोपलेली. दोघं एकदम झोपतात का कधी?

म्हणजे जुनं रेकॉर्डिंग फिरवून फिरवून दाखवतात. लोकांची शुद्ध फसवणूक. मला काय त्याचं. पण वायरमन खोटारडा आहे हे आता सिद्ध झालं. दुसरा कुणी असता तर फसला असता.

१३ फेब्रुवारी

आता शब्द आपोआप येतात. मला वाटतं मी मुळात बोलकाच आहे, ऐकणारे बरोबर नव्हते.

आज मास्तरला साहेबांच्या केसांबद्दल सांगितलं. डाव्या कानाजवळून निघतात आणि सगळं टक्कल ओलांडून उजव्या कानापर्यंत जातात. वारा आला की डब्याचं झाकण उघडल्यासारखे वर होतात. साहेब म्हणूनच पक्ष्यांच्या पिंजऱ्याकडे जात नाहीत, तिकडे पंखांचा वारा येतो. मग तिकीटकाकूंचं सांगितलं. त्या काळा चष्मा लावून खिडकीत बसतात तो उन्हासाठी नाही, आत डोळे मिटलेले असतात. मगरवाल्याचं तर बाईला खास सांगितलं. मगरीच्या जबड्यात हात घालतो म्हणून मिशीला पीळ देतो, पण हंसांना घाबरतो. हंसाच्या तळ्यापाशी आला की वळसा घालून स्वच्छतागृहाच्या मागून जातो.

मास्तर बिळातून निघून ओंडक्यापर्यंत गेला. भर दुपारी!

१५ फेब्रुवारी, शनिवार

विचित्र प्रकार. मी बोलतो तेव्हा भिंतीपलीकडून माझ्यासारखाच आवाज येतो. माझ्या मागोमाग, घुमल्यासारखा. कुणीतरी पुढच्या बाजूला बसून माझी नक्कल करतंय. मी थांबलो की तोही थांबतो. हुशार आहे.

आणि हसणं. पुढे साळिंदर घरासमोर बरीच माणसं जमतात आणि हसतात. काचेला तर कागद आहे. कागदात हसण्यासारखं काय आहे? कुणीतरी कागदावर माझं चित्र काढलं असणार. मगरवाला. त्याचा हात चांगला आहे, मगरीच्या पाटीवरचं चित्र त्यानेच रंगवलंय.

पुढे जाऊन बघणार होतो. पण तिथे माणसं होती.

१७ फेब्रुवारी

सगळे आतून एक झालेत.

साहेब आज टोपी घालून आले. चहा पितानाही काढली नाही. माझ्याकडे बघून टोपी आणखी खाली ओढली. मी सकाळी आत येताना तिकीटकाकूंनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे फाडफाडून बघितलं आणि म्हणाल्या, काय रे, मी झोपलेली दिसते का तुला? मी नाही अशी मान हलवली. त्या म्हणाल्या, नाही, नीट बघ, जवळ ये, झोपलेली दिसते का?

मगरवाला तर मला दिसेल असा, छाती काढून, हंसांच्या तळ्याकडून गेला. मुद्दाम सावकाश. हंसाने पँट धरली. त्याने हंसाला काही केलं नाही, माझ्याकडेच रागाने बघत राहिला. मी काय हंसाला शिकवून पाठवला होता?

ही सगळी चार्ज मला मिळू नये म्हणून चाललेली धडपड आहे. एकाला पुढे जाताना बघवत नाही लोकांना.

१९ फेब्रुवारी

खुराकाची बादली घेऊन चाललो होतो. मागून एका लहान मुलाचा आवाज. ए आई, तो बघ, मास्तरवाला! दादा, आज मास्तर बाहेर येणार का?

माझ्या हातातलं गाजर पडलं. मास्तर हे नाव जगात फक्त मला, मास्तरला आणि बाईला माहीत आहे.

पोराच्या आईने त्याला ओढलं आणि मला म्हणाली, बाईला आमचा नमस्कार सांगा हं. आणि हसत गेली.

भिंतीला कान असतात म्हणतात, ते खोटं नाही. वायरमन दाराला कान लावून ऐकत असणार आणि गावभर सांगत असणार. आज कुलपाच्या भोकात चिंधी कोंबली. दाराखालच्या फटीला पोतं लावलं. आता एक अक्षर बाहेर जाऊ शकत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बंदोबस्त पक्का असल्यामुळे आज मोकळेपणाने घरचं बोललो. ताईचं सगळं सांगितलं. ताई सगळ्यांना सांगते की स्कूटर शिकली. रोज सकाळी हेल्मेट घालते, आईला टाटा करते, स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेते, तिथे झाडाखाली लावते आणि चालत शिवणाच्या दुकानात जाते. दुकानात शिरताना हेल्मेट हातात धरते. मैत्रिणींनी विचारलं तर म्हणते, आज ट्रॅफिक फार होता. संध्याकाळी परत तसंच.

बाई इतकी मन लावून ऐकत होती की ओंडक्यावर चढून बसली. मास्तर काचेपासून दोन हातांवर!!

पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कागद लावलेल्या काचेला टाळ्या. या गावातल्या लोकांचं काही खरं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रचंड गर्दी. मी मागच्या दाराने आलो तरी आवाज येत होता. मास्तर काचेला नाक लावून आला. बाई मागे. जिंकलो. चार्ज माझा.

आईला सांगितलं. आई म्हणाली, पण चार्ज तर तुला आधीच मिळाला होता ना? मी म्हटलं, हा मोठा चार्ज.

२४ फेब्रुवारी

ताई दुकानातून आली ती हेल्मेट माझ्या अंगावर फेकूनच. म्हणाली, झाडाखाली लावते काय? आज ट्रॅफिक फार होता काय? दुकानातल्या सगळ्या जणी रविवारी जाऊन आल्या, आज मी शिरले तर एकीने हॉर्न वाजवला तोंडाने! मशीनवर बसले तर म्हणाल्या, ढकलू का जरा?

मी जे जे बोललो होतो ते तिने शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. माझ्यासारखा आवाज काढून. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, म्हणजे तुला स्कूटर येत नाही? ताई म्हणाली, तो मुद्दा नाहीये आई.

मी शांतपणे समजावलं की हे वायरमनचं काम आहे, दाराला कान लावतो. ताई म्हणाली, अरे बावळटा, टीव्हीवर दिसतोस तू. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन खात्री केलीय. मी टीव्हीवर नव्हतो. ती म्हणाली, कधी बघितलंस? मी म्हटलं, ड्यूटी संपल्यावर. स्टूल रिकामं होतं.

ताई म्हणाली, उद्या मी येते.

तिला हेवा वाटत असणार.

२५ फेब्रुवारी

ताई आली. तिकीट काढून आली. माझी कॉलर धरून पुढच्या बाजूला नेलं, बाकासमोर उभं केलं आणि म्हणाली, इथून हललास तर बघ. आजूबाजूला माणसं. मी मान खाली घातली. ती मागच्या बाजूला गेली.

टीव्हीत दार उघडलं. टीव्हीत ताई आली. माझ्या स्टुलावर बसली, मागे वळून वर बघितलं आणि जीभ काढली. मग म्हणाली, दिसतेय का रे? ऐकू येतंय का? आणि बाकीच्यांनी पण ऐका, मला स्कूटर येते, फक्त वळवता येत नाही!

मास्तरने काटे उभे केले. टीव्हीत.

लोक हसले. एकाने माझ्याकडे बघितलं, म्हणाला, हाच का तो? दुसरा म्हणाला, छे, तो कुठे असा. मग एक आजोबा मला म्हणाले, बाळा, जरा पाठ करून उभा राहा. मी वळलो. पाठ बघितल्यावर सगळ्यांनी ओळखलं. टाळ्या.

मी कासवांच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे बरं असतं.

संध्याकाळी

साहेबांनी बोलावलं. टोपी टेबलावर. मला वाटलं आता नोकरी गेली. साहेब म्हणाले, केसांचं जे बोललास ते बोललास. पण गेल्या आठवड्यापासून लोक दुसऱ्यांदा तिसऱ्यांदा येतायत, काकूंना खरंच डोळा लागत नाही. दोन तारखेला तू काचेसमोर माइक घेऊन उभा राहा, लोकांसमोर त्यांना हाक मार, बाहेर आण. मग चार्ज तुझा. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.

मी मान हलवली. बाहेर आलो तर मगरवाला दाराशीच. म्हणाला, काय मास्तर, काय ठरलं? आता आठवतंय, दुपारी टीव्हीसमोरच्या बाकावर हाच चहा घेऊन बसलेला होता. आणि त्याचे ओठ हलत होते. माणूस एकटा बसून ओठ का हलवेल? डाउट आहे.

२७ फेब्रुवारी

नीट विचार केला. खरं म्हणजे कॅमेरा चालू आहे हे मला आतून आधीपासून माहीत होतं. त्याशिवाय मी इतकं चांगलं बोललोच नसतो. कलाकाराला प्रेक्षकांची चाहूल लागते.

तर आता लोकांसमोर बोलणं म्हणजे नवीन काही नाही. तेच करायचं, फक्त तोंड लोकांकडे.

आज ड्यूटीवर काही बोललो नाही. मानेवर डबी बघतेय असं सारखं वाटत होतं. तोंड उघडलं की साहेबांचे केस, काकूंचे डोळे, ताईचं हेल्मेट सगळं डोळ्यासमोर यायचं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, आवाज गेला वाटतं बिचाऱ्याचा. मास्तर बिळातून आला नाही. बाईने एकदा मान वाकडी करून बघितलं आणि पाठ फिरवली.

काळजी नाही. उद्घाटनाआधी त्यांनाही विश्रांती हवी.

२८ फेब्रुवारी

आजही विश्रांती दिली.

भाषण तयार केलं. पहिलं वाक्य: उपस्थित मान्यवर आणि प्राणिप्रेमी बंधू-भगिनींनो. आपलं नेहमीचं बोलणं चालणार नाही, लोक माइकवर शुद्ध ऐकायला येतात.

१ मार्च, शनिवार

बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली. उत्तम. आवाज असा घुमला की आईने दार वाजवलं, आत कोण आलंय तुझ्याबरोबर? मी म्हटलं, कुणी नाही, भाषण आहे. आई तेवढ्यावर अख्ख्या बिल्डिंगला सांगून आली. तिचा गुडघा दुखतो, तिला उद्या येता येणार नाही, पण वरच्या मजल्यावरच्या वहिनी पोरांना घेऊन कधीतरी जाणारच आहेत, त्या सगळं सांगतील म्हणाली. माझा युनिफॉर्म दोनदा इस्त्री केला. टोपीसुद्धा.

ताई म्हणाली, नेहमीसारखं बोल, शहाणपणा करू नकोस. तिच्या बोलण्यात काळजी होती. मला डाउट आला. ताई आणि काळजी?

२ मार्च, रविवार

लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं ठरवलंय.

सकाळी दहाला कागद काढला. काच लखलखीत. आत माती, ओंडके, आणि कुणी नाही. समोर एवढी माणसं की शेवटची हंसांच्या तळ्यापाशी. साहेबांनी माझी ओळख करून दिली आणि माइक हातात दिला.

मी लोकांकडे बघितलं.

मग बुटांकडे बघितलं.

कुणीतरी म्हणालं, बोल की रे. कुणीतरी म्हणालं, पाठ कर, पाठ करून बोल! ती कल्पना चांगली वाटली. काचेकडे वळलो. काचेत माझं तोंड दिसत होतं, मागे सगळे दिसत होते. म्हणालो, नमस्कार. साळिंदर हा निशाचर सस्तन प्राणी असून तो आपल्या काट्यांच्या साहाय्याने स्वतःचे संरक्षण करतो.

माइक चांगला होता. आत बिळापर्यंत आवाज गेला असणार. पण आत कुणी हललं नाही. मी पुढे म्हणालो, कंदमुळे हा त्याचा प्रमुख आहार होय.

मास्तर असल्या माणसाला ओळखतच नव्हता. मीही ओळखत नव्हतो.

मागून ते मास्तरवाला म्हणणारं पोर म्हणालं, आई, हा तो नाहीये.

मग मला काहीच आठवेना. दुसरं वाक्य नाही, तिसरं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. आणि तेवढ्यात टीव्हीच्या स्पीकरमधून माझा आवाज आला.

माझाच. तोच हेल, तोच मधला दम. म्हणाला, काय सांगू मास्तर, आज तर हद्दच झाली. बाई, तुम्ही पण ऐका. ते कासव बाहेर खांबासारखं उभं आहे. खांबाला निदान दिवा असतो. इस्त्री तर अशी केलीय की वाकला तर मोडेल. आणि साहेब, सारखं घड्याळ बघतायत, पण मास्तर, ते घड्याळ बंद आहे, मी रोज बघतो.

टीव्हीत माझ्या स्टुलावर टोपी घातलेली पाठ होती. क्षणभर मलासुद्धा वाटलं मी आत आहे.

मास्तर निघाला. बाई मागे. ओंडक्यावरून, मातीतून, थेट काचेपर्यंत आले आणि माझ्यासमोर बसले. मधे फक्त काच. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे कान मागे, बिळाकडे होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, जोरात, केस उघडले तरी थांबले नाहीत. स्टुलावरची पाठ वळली. मगरवाला. मिशी फडफडत होती. स्वतःचा आवाज मगरीला चालत नाही, मग माझा उचलला.

मी सर्वांचे आभार मानले. मनात.

३ मार्च

साळिंदर घराचा चार्ज मगरवाल्याकडे. तो काल संध्याकाळी कासवांच्या खोलीत आला होता. म्हणाला, मला वाटलं तू अडकलास, म्हणून गेलो आत. जनावरं बाहेर आणायची होती ना. मग बिस्किटांचा एक पुडा ठेवून गेला.

मी पुडा उलटसुलट करून बघितला. फोडलेला नव्हता. खाल्ला.

मगरीचा चार्ज माझ्याकडे. हे प्रमोशन आहे. साळिंदर केवढं आणि मगर केवढी. शिवाय मगरीशी बोलावं लागत नाही. साहेबांनी पूर्ण विचार करून माझी निवड केलेली दिसते.

५ मार्च

मगर दिवसभर हलली नाही. डोळा उघडा, जबडा उघडा. ही खरी आहे का? मगरवाला इतकी वर्षं कुणाच्या जबड्यात हात घालत होता याची चौकशी व्हायला पाहिजे.

दुपारी

खरी आहे. बादली गेली.

साळिंदर घरावरून परत आलो. पुढच्या बाजूने आलो नाही, मागून आलो. आतून माझा आवाज येत होता. मगरीकडे नवीन आलेल्या पोराने बादली कशी घालवली ते मास्तरला सांगत होता. चांगलं सांगत होता. पलीकडे लोक हसत होते. मी जरा वेळ दाराबाहेर उभा राहिलो. शेवटी मला पण हसू आलं, पण मी आवाज केला नाही.

६ मार्च, गुरुवार, जेवणं झाल्यावर

वरच्या मजल्यावरच्या वहिनी आज पोरांना घेऊन जाऊन आल्या. येऊन आईजवळ बसल्या. म्हणाल्या, अहो, तुमचा मुलगा काय बोलतो! आम्ही टीव्हीसमोरून हललोच नाही. टोपी घालून पाठमोरा बसलेला, आणि त्या दोन जनावरांना आपलं एकेक सांगतोय. पोरं तर हसून लोळली. उद्या परत न्या म्हणून मागे लागलीत.

आईने त्यांना तेच तीनदा सांगायला लावलं.

त्या गेल्यावर आई माझ्या शेजारी येऊन बसली. एवढा गुडघा दुखत असताना खाली बसली. म्हणाली, मला बाई काळजी वाटायची, याचं कसं होणार, हा तोंडातून शब्द काढत नाही. आणि तू तर सगळ्यांना हसवतोस. मला कधी कळलंच नाही रे.

ताई भांडी आवरत होती. तिला सगळं माहीत आहे. हातातलं पातेलं तसंच धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं आता बोलणार. तिने पातेलं पुसून फळीवर ठेवलं.

आई म्हणाली, घरी पण बोलत जा की थोडं.

मी म्हटलं, दिवसभर बोलून घसा बसलाय.